कॉलऱ्याचा विषाणू नसतो

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या तालुका पानावर जुलाब-उलट्यांच्या साथीची बातमी होती आणि तिच्या मथळ्यात ‘कॉलऱ्याच्या विषाणूचा फैलाव’ असे शब्द होते. तिसऱ्याच दिवशी त्याच पानावर डेंग्यूची बातमी आली आणि तिच्यात ‘डेंग्यूच्या जिवाणूंपासून बचाव करण्यासाठी’ परिसर कोरडा ठेवावा, असे आवाहन होते. कॉलरा जिवाणूमुळे होतो आणि डेंग्यू विषाणूमुळे, म्हणजे दोन्ही बातम्यांतले शब्द नेमके उलटे पडले होते. मुद्रणदोष म्हणून मी ते सोडून दिले असते. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मी रोज सकाळी चहाबरोबर सोडून देतोच. परंतु त्या रविवारी जे पाहिले त्यानंतर गप्प बसणे बरे वाटेना.

मी आमच्या भागातील एका औषध दुकानात रक्तदाबाच्या गोळ्या घेण्यासाठी उभा होतो. माझ्यापुढे येळ्ळूरकडचे एक गृहस्थ होते. त्यांनी दुकानदाराला सांगितले, “पोराला डेंग्यू निघालाय. जंतू मरायची गोळी द्या की.” चिठ्ठी मागितली गेली नाही, मुलाचे वय विचारले गेले नाही, आणि सेफिक्झीम या प्रतिजैविकाच्या (अँटिबायोटिकच्या) सहा गोळ्या कात्रीने पट्टीतून कापून कागदी पाकिटात पडल्या. मी न राहवून म्हणालो, “दादा, डेंग्यूवर ही गोळी काहीच करीत नाही. उलट पोराचं पोट बिघडेल.” त्यांनी माझ्याकडे, म्हातारा उगाच मध्ये बोलतो, अशा नजरेने पाहिले आणि म्हणाले, “काका, जंतू तो जंतूच की.”

या उत्तरावर दुकानात उभे राहून बोलता येण्याजोगे माझ्याकडे काही नव्हते, म्हणून ते येथे लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. एकतीस वर्षे रोगनिदान प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करून निवृत्त झालो. औषध सांगण्याचा मला अधिकार नाही, पण कोणते औषध कोणत्या जिवाणूपुढे हरते, हे मी दररोज सकाळी काचेच्या बशीत पाहत आलो आहे.

त्या गृहस्थांची चूक पूर्णपणे त्यांची नाही. आपल्या भाषेतील ‘विषाणू’ या शब्दाची घडणच फसवी आहे. त्यात ‘विष’ ऐकू येते, त्यामुळे जो माणसाला मारतो तो विषाणू, आणि ‘जिवाणू’त ‘जीव’ आहे म्हणून तो त्या मानाने गरीब, असा कानाचा समज होऊन बसतो. कॉलऱ्याच्या बाबतीत तर या समजाला आधारही मिळतो, कारण कॉलऱ्याचा जिवाणू आतड्यात खरोखरच विष सोडतो. कोलकात्याचे शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये ते प्रयोगाने दाखवून दिले. पण ते विष सोडणारा जीव ही एक पूर्ण पेशी आहे. तिला स्वतःची भिंत आहे, प्रथिने बनविण्याची स्वतःची यंत्रणा आहे, ती खाते, वाढते आणि दुभंगून एकाची दोन होते. विषाणूला यांतले काहीच नाही. तो म्हणजे प्रथिनाच्या वेष्टनात गुंडाळलेला जनुकीय मजकूर. दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याखेरीज त्याची एकही प्रत निघत नाही. पेनिसिलीन आणि त्याच्या कुळातील औषधे, ज्यांत सेफिक्झीमही आले, जिवाणूला आपली भिंत बांधू देत नाहीत. ॲझिथ्रोमायसीन, डॉक्सिसायक्लिन यांसारखी औषधे त्याची प्रथिने बनविणारी यंत्रणा बंद पाडतात. ज्याला मुळात भिंतही नाही आणि यंत्रणाही नाही, त्या डेंग्यूच्या विषाणूचे ही औषधे काय बिघडविणार?

त्यातून आपल्या भागात आरोग्याची माहिती तीन भाषांतून झिरपत खाली येते. सरकारी पत्रक कन्नडमध्ये असते, डॉक्टर बोलताना इंग्रजी शब्द वापरतात, आणि खानापूर तालुक्यातील एखाद्या वाडीत आशाताई ते सगळे आपल्या मराठीत सांगतात. कन्नडमध्ये व्हायरसला ‘वैराणु’ म्हणतात, आपण ‘विषाणू’ म्हणतो, आणि उंबऱ्याच्या आत पोचेपर्यंत सगळ्याचेच ‘जंतू’ झालेले असते. अशा ठिकाणी मराठी वृत्तपत्र हे बहुतेक घरांत शिरणारे एकमेव छापील मराठी असते. म्हणून तेथे शब्द चुकला की तो दुरुस्त करणारे दुसरे कोणी नसते.

कॉलऱ्याचा जिवाणू मी प्रथम पाहिला तेव्हा नोकरीला दोन वर्षेही झाली नव्हती. तांदळाच्या धुवणासारखे दिसणारे शौचाचे पाणी, त्याचा एक थेंब काचेवर लोंबता ठेवलेला, आणि सूक्ष्मदर्शकाखाली उल्कांचा पाऊस पडावा तशी इकडून तिकडे सणाणणारी बारीक वाकडी काडी. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यात या जिवाणूचा अभ्यास केला आणि त्याच्या आकारावरून त्याला स्वल्पविरामाची उपमा दिली. आपल्या मुद्रितशोधकांना हा जिवाणू निदान चेहऱ्याने तरी ओळखीचा वाटावा! दुसऱ्या दिवशी तोच नमुना हिरव्या रंगाच्या खास आगरवर (जिवाणू वाढविण्याच्या थिजलेल्या खाद्यावर) पिवळ्या ठिपक्यांच्या रूपाने वाढलेला दिसतो. कॉलऱ्याबाबत एक गोष्ट मात्र बातमीत असायलाच हवी होती आणि ती नव्हती: जिवाणूचा रोग असूनही त्यात जीव वाचविते ते पाणी, मीठ आणि साखर. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधील बनगावच्या छावणीत सलाईनच्या बाटल्या संपत आल्या तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे द्रावण पिंपांतून लोकांना पाजले आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आणले. प्रतिजैविक तीव्र रुग्णांना दिले जाते, पण ते दुसऱ्या क्रमांकावर. आपल्याकडे अजूनही ‘एक सलाईन लावा, बरं वाटेल’ असे म्हणत लोक ओआरएसची पुडी खिशात तशीच ठेवून दवाखान्याच्या रांगेत उभे राहतात.

पावसाळ्यात आपल्या पश्चिम भागात येणाऱ्या तापाचे उदाहरण घेतले तर या दोन शब्दांतले अंतर किती महाग पडू शकते ते कळेल. रोप लावणीच्या दिवसांत चिखलात पोटरीपर्यंत उभे राहून काम केलेल्या माणसाला ताप येतो, अंग मोडून येते, डोळे लाल होतात. हा ताप डेंग्यूचा असू शकतो, म्हणजे विषाणूचा. तो लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) असू शकतो, म्हणजे जिवाणूचा. उंदरांच्या आणि गुरांच्या मूत्रातून पाण्यात आलेला, मळसूत्रासारखा पिळलेला जिवाणू पायाच्या भेगांतून आत शिरतो. जंगलाकाठच्या गावांत तो माकडतापही असू शकतो, आणि तो पुन्हा विषाणूचा. हिवताप असेल तर दोन्ही नव्हे. तो परजीवी सजीव, तिसऱ्याच घराण्यातला. लेप्टोला वेळेवर डॉक्सिसायक्लिन किंवा पेनिसिलीन मिळाले तर मूत्रपिंडे वाचतात. डेंग्यूत ते देऊन काही साधत नाही. तेथे पाणी, विश्रांती आणि प्लेटलेटवर नजर एवढेच हाती असते. चौघांचा पहिला दिवस सारखाच दिसतो. रक्त तपासल्याशिवाय ‘जंतू मरायची गोळी’ कोणती, हे कोणालाच सांगता येत नाही, आणि दुकानदाराला तर नाहीच नाही.

रक्त तपासण्याविषयीही माझ्याच पेशाची एक कबुली द्यायला हवी. ‘टायफॉईड निघाला’ हे वाक्य आपल्या भागात जितक्या सहज उच्चारले जाते तितका टायफॉईड नसतो. ते बहुतेक वेळा विडाल चाचणीवरून उच्चारलेले असते. विडाल जिवाणू शोधत नाही. शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्ये (अँटिबॉडीज) शोधते. पूर्वी कधी टायफॉईड होऊन गेला असेल, लस घेतली असेल, किंवा दुसराच एखादा ताप असेल, तरीही ती सकारात्मक येऊ शकते; आणि तापाच्या पहिल्या आठवड्यात खरा टायफॉईड असूनही नकारात्मक येऊ शकते. मी स्वतः हजारो विडाल केल्या, त्यांच्यावर सह्या केल्या, आणि त्यांतल्या कित्येकांच्या जोरावर लोकांनी आठ-आठ दिवस इंजेक्शने घेतली, हे मला ठाऊक आहे. भरवशाची तपासणी म्हणजे रक्ताचे कल्चर: रक्त पोषक द्रवात सोडायचे, उबेत ठेवायचे आणि त्यातून जिवाणू प्रत्यक्ष वाढवून दाखवायचा. त्याला दिवस लागतात, पैसे जास्त लागतात, आणि एक अट आहे, जिच्यापायी आपल्याकडे ते निकामी ठरते. रक्त प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्याआधी काढावे लागते. दुकानातून आणलेल्या दोन दिवसांच्या गोळ्या पोटात गेल्यावर रुग्ण आमच्याकडे येई, बाटलीत काही वाढत नसे, आणि अहवालावर ‘वाढ नाही’ असे लिहावे लागे. रोगी तापाने फणफणलेला आणि अहवाल कोरा. त्या कोऱ्या अहवालावर डॉक्टर पुढचे, अधिक तीव्र औषध अंदाजाने लिहीत. त्यांनी तरी दुसरे काय करावे?

जेव्हा जिवाणू वाढत असे, तेव्हाचे काम मला सर्वांत आवडे. फिकट पिवळसर आगरच्या बशीवर कापसाच्या बोळ्याने जिवाणू सारवायचा, अंगणात सडा घालावा तसा सारखा, एकही जागा कोरडी न सोडता. त्यावर चिमट्याने कागदाच्या टिकल्या ठेवायच्या. प्रत्येक टिकली सहा मिलिमीटर व्यासाची आणि एकेका औषधात भिजविलेली. रात्रभर उबवणीपेटीत ठेवले की सकाळी बशी दुधाच्या सायीसारखी भरून आलेली असते; फक्त ज्या टिकलीचे औषध लागू पडले तिच्याभोवती स्वच्छ गोल जागा उरते. ते वर्तुळ आम्ही पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजत असू. नोकरीच्या सुरुवातीला लघवीच्या संसर्गातील ई. कोलाय जिवाणूवर सिप्रोफ्लॉक्सासिनची टिकली ठेवली की जुन्या रुपयाएवढे वर्तुळ सहज पडायचे. निवृत्तीच्या आधीच्या वर्षांत तीच टिकली ठेवली तर जिवाणू तिच्या कडेला चिकटून, जणू ती तेथे नाहीच, असे वाढलेले दिसत. बशीवर आठ टिकल्या आणि वर्तुळ एकीला, असेही दिवस मी पाहिले. तो अहवाल घेऊन जाणारी एखादी चाळिशीची बाई असे. तिला फक्त लघवीची जळजळ होत असे आणि तिला वाटे की तीन रुपयांची गोळी मिळेल.

हे कसे घडते ते अवघड नाही. ई. कोलायला अन्न आणि ऊब मनासारखी मिळाली तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. रात्री नऊ वाजता असलेला एक जिवाणू त्याच गतीने वाढत राहिला तर सकाळी सात वाजता १०० कोटींहून अधिक होतो. इतक्या प्रती निघताना मजकुरात चुका होणारच, आणि त्यांतली एखादी चूक औषधाला दाद न देणारी निघते. औषध आले की बाकीचे मरतात आणि मोकळे रान त्या एकाला मिळते. त्याहून वाईट म्हणजे प्रतिकाराचा हा मजकूर जिवाणू आपल्या शेजारच्या, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतो. तेव्हा डेंग्यूच्या मुलाला दिलेले सेफिक्झीम डेंग्यूला काही करीत नसले तरी त्या मुलाच्या आतड्यातील ई. कोलायला शिकवून जाते. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे झाले, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. टायफॉईडचाच इतिहास पाहावा: क्लोरॅम्फेनिकॉल चालेनासे झाले म्हणून सिप्रोफ्लॉक्सासिन आले, ते ढिले पडले म्हणून सेफिक्झीम आणि सेफ्ट्रियाक्झोन आले, आणि २०१६ पासून पाकिस्तानच्या सिंध प्रांतात सेफ्ट्रियाक्झोनलाही न जुमानणारा टायफॉईड पसरला. एक दिलासा देणारी बाब अशी की क्लोरॅम्फेनिकॉलचा वापर जवळजवळ थांबल्यावर आपल्या देशात अनेक ठिकाणी टायफॉईडचा जिवाणू त्याला पुन्हा बळी पडू लागला आहे. म्हणजे औषधाला विश्रांती दिली तर ते परत येऊ शकते.

कायदा नाही असे नाही. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या, औषधविक्रीच्या नियमांतील एच-१ या यादीत सेफिक्झीम आहे, क्षयाची औषधेही आहेत. या यादीतील औषध देताना दुकानदाराने डॉक्टरांची चिठ्ठी पाहावी, डॉक्टर व रुग्ण यांची नावे आणि दिलेले प्रमाण वेगळ्या वहीत नोंदवावे आणि ती वही तीन वर्षे जपावी, असा नियम आहे. पट्टीवरची उभी लाल रेघ त्यासाठीच असते. त्या रविवारी कात्री नेमकी त्या लाल रेघेवरून चालली. वही मला दिसली नाही.

इतके वाचून कोणी जिवाणू म्हणजे शत्रूच असा निष्कर्ष काढला तर तो माझ्या लिहिण्याचा दोष ठरेल, कारण ‘जंतू’ या शब्दाने केलेले दुसरे नुकसान तेच आहे. जाहिरातीतला साबण ९९.९ टक्के जंतू मारल्याचे सांगतो आणि आपण खूश होतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका हिशेबानुसार प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, आणि त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. बहुतेक जिवाणू मोठ्या आतड्यात असतात. आपल्याला न पचलेला कोंडा आणि भाजीचे धागे ते आंबवितात, त्यातून निघणाऱ्या आम्लांवर आतड्याच्या अस्तराच्या पेशी पोसल्या जातात, के जीवनसत्त्वाचा काही भाग ते बनवितात, आणि जागा अडवून बसल्यामुळे बाहेरच्या जिवाणूला तेथे सहजी पाय रोवता येत नाही. प्रतिजैविक घेतल्यावर जुलाब लागतात ते या रहिवाशांची वस्ती उठल्यामुळे. कधीकधी त्या मोकळ्या जागेत क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा चिवट जिवाणू माजतो आणि वृद्ध रुग्णांच्या जिवावर बेततो. त्यावर निरोगी माणसाच्या विष्ठेतील जिवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याचा उपचार मोठ्या रुग्णालयांत केला जातो. ऐकून नाक मुरडावेसे वाटेल, पण तो लागू पडतो.

आपल्या स्वयंपाकघरांना हे शिकवावे लागत नाही. विरजण संपले की वाटी घेऊन शेजारी जायचे आणि दूध करंगळीला सोसेल इतके कोमट करून त्यात ते विरजायचे, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. बेळगावच्या थंडीत आमची आई भांडे जुन्या लुगड्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवीत असे, कारण दह्याच्या जिवाणूंना ऊब लागते. ते दुधातल्या साखरेचे आम्ल करतात आणि आम्ल पुरेसे वाढले की प्रथिन गोठते. दही लागणे म्हणजे एवढेच. इडलीच्या पिठाला जाळी पडते तीही मुख्यतः जिवाणूंनी सोडलेल्या वायूने. उसाच्या मळीपासून आपल्या साखर कारखान्यांत अल्कोहोल करणारा जीव मात्र यीस्ट आहे, तो बुरशीच्या कुळातला. जिवाणूंच्या खात्यावर त्याचे श्रेय मांडू नये.

शेतकरी वाचकांना तर जिवाणू उपटून पाहता येईल. शहापूर, येळ्ळूर शिवारात भात निघाल्यावर त्याच ओलीवर मसूर, वाटाणा पेरतात. फुलावर आलेले मसुराचे झाड मातीसकट हळूच उपटून मुळे पाण्यात हलविली तर बारीक गाठी दिसतात. त्यांतली एक नखाने फोडावी. आतून गुलाबी निघाली तर रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र धरून झाडाला पुरवीत आहेत असे समजावे. तो गुलाबी रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा असतो. गाठ हिरवट किंवा करडी असेल तर तेथले काम थांबलेले आहे. ‘मसूर घेतला की रान सुधारतं’ असे जुनी माणसे म्हणत, त्यामागचा कामगार हा. आता त्याचीच पाकिटे कृषी केंद्रांत मिळतात. उसासाठी ॲसिटोबॅक्टर मिळतो. पण ही पाकिटे उन्हाने तापणाऱ्या पत्र्याखाली कीटकनाशकांच्या शेजारी रचलेली मी पाहिली आहेत. ती मेलेल्या जिवाणूंची भुकटी होय. बियाण्याला ते गुळाच्या पाण्यातून लावून सावलीत सुकवायचे असते आणि लगेच पेरायचे असते, कारण आत जिवंत माल आहे.

आणि औषधांचे म्हणाल तर जिवाणूंविरुद्धची कित्येक औषधे जिवाणूंनीच आपल्याला दिली आहेत. वळवाचा पहिला पाऊस पडल्यावर तापलेल्या मातीतून जो वास येतो तो मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या मातीतल्या जिवाणूंनी बनविलेल्या जिओस्मिन या द्रव्याचा असतो. त्याच कुळातील एका जिवाणूपासून १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसीन सापडले, क्षयावर चाललेले पहिले प्रतिजैविक. मधुमेहींना पूर्वी डुकरा-गाईंच्या स्वादुपिंडातून काढलेले इन्शुलिन टोचावे लागे. १९७८ मध्ये माणसाच्या इन्शुलिनचे जनुक ई. कोलायमध्ये घालून त्याच्याकडून ते बनवून घेण्यात आले आणि १९८२ मध्ये ते अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झाले. मी ज्या ई. कोलायला बशीवर औषधांना हरविताना पाहिले, त्याचाच प्रयोगशाळेत पाळलेला भाऊ हा. करोनाच्या काळात नाकात काडी घालून केलेली आरटी-पीसीआर चाचणी आठवावी. तीत वापरले जाणारे विकर (एन्झाइम) उष्णता सहन करणारे असते आणि ते मूळचे अमेरिकेतील यलोस्टोनच्या गरम पाण्याच्या झऱ्यांत सापडलेल्या थर्मस ॲक्वाटिकस या जिवाणूचे आहे. विषाणू पकडून दिला तो जिवाणूने.

आपल्या शहराला तर या दोन शब्दांतला फरक इतरांपेक्षा अधिक ठाऊक असायला हवा. टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली आपण सकाळी फिरायला जातो. तेथे एके काळी वासरांच्या अंगावर वाढविलेल्या विषाणूपासून देवीची लस तयार होत असे. देवी हा विषाणूचा रोग. त्याला औषध नव्हते, लसच होती, आणि लशीनेच तो १९८० मध्ये जगातून गेल्याचे जाहीर झाले. आपल्या आजी-पणजींच्या तोंडी ‘गाठ उठली’ म्हणून ज्याची आठवण होती, तो प्लेग मात्र जिवाणूचा. शास्त्रज्ञ हाफकिन यांनी मुंबईत १८९७ च्या जानेवारीत त्याची लस आधी स्वतःला टोचून घेतली. पण लोकांना प्लेगवर खरे भरवशाचे औषध मिळाले ते स्ट्रेप्टोमायसीन आल्यावर. एकाच पिढीने दोन्ही पाहिले, आणि दोन्हींना ‘साथ’ एवढेच म्हटले.

आता मागणे. आपल्या वार्ताहरांनी रोगाची बातमी लिहिताना जिवाणू, विषाणू, परजीवी यांतला नेमका शब्द तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना विचारून लिहावा. एका फोनचे काम आहे. साथीच्या बातमीत पाण्याच्या तपासणीचा निकालही मागावा. पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय एकही आढळता कामा नये, असे भारतीय मानक सांगते, आणि नळाच्या टोकाला क्लोरिन उरले आहे की नाही हे पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. ‘पाणीपुरवठा सुरळीत’ या शब्दांतून यांतले काहीच कळत नाही. जिल्ह्यातील मोठ्या रुग्णालयांच्या प्रयोगशाळा कोणता जिवाणू कोणत्या औषधाला किती वेळा दाद देतो याचे वार्षिक तक्ते करतात. रुग्णांची नावे त्यांत नसतात. ते तक्ते गावोगावच्या डॉक्टरांपर्यंत पोचावेत, यासाठी आपण पाठपुरावा करू शकता. चंदगडचा रुग्ण बेळगावला येतो, निपाणीचा कोल्हापूरला आणि खडकलाटचा मिरजेला जातो. पहिल्या डॉक्टरांनी काय दिले होते हे दुसऱ्यांना कळण्यासाठी रिकामी पट्टी जवळ ठेवणे एवढे तरी वाचकांना सांगता येईल. क्षयाच्या रुग्णांची नोंद निक्षय प्रणालीत देशभर एकच असते आणि राज्य बदलले तरी उपचार पुढे चालू ठेवता येतात, हेही अनेकांना माहीत नाही. सहा महिन्यांचा तो उपचार कामासाठी गोव्याला गेले म्हणून मध्येच सुटलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि पुढच्या वेळी त्यांच्या थुंकीच्या काचेवर निळ्या पार्श्वभूमीवर त्या लाल काड्या पुन्हा पाहिल्या आहेत.

तूर्त माझी विनंती एवढीच की कॉलरा आणि डेंग्यू या दोन्ही बातम्यांतील शब्दांची दुरुस्ती त्याच तालुका पानावर, वाचता येईल इतक्या टंकात प्रसिद्ध करावी. येळ्ळूरकडचे ते गृहस्थ तेच पान वाचतात.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
वडगाव, बेळगाव